विश्लेषण : मेंदूमृत दात्याची किडनी किती वर्षे साथ देते? वसई-विरारच्या डायलिसिस रुग्णांनी काय लक्षात ठेवायला हवे?

आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस, प्रत्येक वेळी साधारण चार तास. किडनी निकामी झालेल्या रुग्णाचा आठवडा असा ठरून जातो. वसई, नालासोपारा, विरार परिसरात डायलिसिसची सोय आता घराजवळ मिळू लागली आहे. प्रत्यारोपणाचा विषय निघाला की मात्र बहुतेक कुटुंबांना मुंबई-ठाण्याकडे पाहावे लागते. घरात किडनी देऊ शकणारे कुणी नसेल, रक्तगट जुळत नसेल किंवा देणाऱ्यालाच मधुमेह असेल, तर उरतो मेंदूमृत दात्याच्या किडनीचा पर्याय. आणि मग प्रश्न पडतो : ही किडनी टिकते का? नातेवाइकाच्या किडनीइतकी चालते का? एवढी वर्षे रांगेत थांबण्याचा उपयोग होतो का?

थोडक्यात उत्तर असे, की ही किडनी जिवंत दात्याच्या किडनीपेक्षा कमी वर्षे चालते. पण डायलिसिसवर राहण्याच्या तुलनेत रुग्णाचे आयुष्य बरेच वाढवते. ती किती चालेल हे फक्त शस्त्रक्रियेवर ठरत नाही. शस्त्रक्रियेआधीचे काही तास आणि नंतरची अनेक वर्षे यांचा त्यात मोठा वाटा असतो.

मेंदूमृत दाता म्हणजे नेमके कोण?

रस्ते अपघातात डोक्याला जबर मार लागलेला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतो. त्याच्या मेंदूच्या मुळाचे, म्हणजे ब्रेनस्टेमचे काम कायमचे थांबले तर तो परत येण्याची शक्यता उरत नाही. हृदय मात्र व्हेंटिलेटर आणि औषधांच्या आधारे काही काळ धडधडत राहते. त्यामुळे किडनीला रक्तपुरवठा चालू असतो आणि ती दान करता येते.

कोमा आणि मेंदूमृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोमातला रुग्ण बरा होऊ शकतो, मेंदूमृत रुग्ण नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे पथक तपासणी करते आणि किमान सहा तासांच्या अंतराने ती पुन्हा केली जाते. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच निघाला, तरच मेंदूमृत्यू जाहीर होतो. त्यानंतर नातेवाइकांची लेखी संमती लागते. घरी मृत्यू झाल्यास नेत्रदान किंवा त्वचादान होऊ शकते, किडनीदान नाही.

अशी प्रत्यारोपणे किती होतात?

भारतात मृत दात्याच्या किडनीचे प्रत्यारोपण करण्याचा पहिला प्रयत्न मुंबईतच, १९६५ मध्ये केईएम रुग्णालयात झाला. तेव्हा मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती आणि आजच्यासारखी प्रभावी औषधेही नव्हती. जिवंत दात्याच्या किडनीचे देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि मेंदूमृत दात्यांचा मार्ग खुला झाला.

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात १३,४२६ किडनी प्रत्यारोपणे झाली. त्याच वर्षी मृत दाते होते १,०९९. प्रत्येकाच्या दोन्ही किडन्या वापरल्या गेल्या असे धरले तरी हा आकडा २,१९८ च्या पुढे जात नाही. म्हणजे सहापैकी फार तर एक किडनी मृत दात्याची, बाकी सगळ्या जिवंत दात्यांच्या. दर दहा लाख लोकसंख्येमागे भारतात एकही मृत दाता नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण जवळपास ५० आहे. त्या वर्षी तेलंगणात २५२ मृत दाते होते, तर लोकसंख्येने कितीतरी मोठ्या महाराष्ट्रात दीडशेच्या आसपास.

पालघर जिल्हा ज्या मुंबई विभागात येतो, तिथे अवयववाटपाचे काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र म्हणजे झेडटीसीसी करते. या विभागात २०१९ मध्ये ७९ मृत दात्यांचे अवयवदान झाले होते. करोनाच्या २०२० या वर्षात ही संख्या ३० वर आली. प्रतीक्षायादीतील नावे हजारोंत आणि दाते दोन आकड्यांत, असे हे व्यस्त गणित आहे.

मिळालेली किडनी किती वर्षे चालते?

अमेरिकेत प्रत्येक प्रत्यारोपणाची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. त्यामुळे दीर्घकाळाचे आकडे तिथले सर्वाधिक वापरले जातात. त्यानुसार मृत दात्याच्या १०० किडन्यांपैकी ९० हून अधिक एका वर्षानंतर काम करत असतात. पाचव्या वर्षी हे प्रमाण साधारण तीन चतुर्थांशावर येते. जिवंत दात्याच्या बाबतीत पहिल्या वर्षी ९७-९८ आणि पाचव्या वर्षी ८५ च्या आसपास किडन्या चालू असतात.

याहून सोपे मोजमाप म्हणजे निम्म्या किडन्या किती वर्षे चालतात, हे पाहणे. अमेरिकेत १९९५ ते १९९९ या काळात मृत दात्याच्या किडनीसाठी हा आकडा ८.२ वर्षे होता. अलीकडच्या वर्षांत तो ११.७ वर गेला आहे. जिवंत दात्याच्या किडनीसाठी तो १२.१ वरून १९.२ वर्षांवर पोहोचला. आजची मृत दात्याची किडनी पंचवीस वर्षांपूर्वीच्या जिवंत दात्याच्या किडनीच्या जवळपास येऊन ठेपली आहे, असे त्यावरून म्हणता येते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ११.७ वर्षे ही मुदत नव्हे. निम्म्या किडन्या त्याहून अधिक काळ चालतात, काही वीस वर्षांच्याही पुढे जातात. दोन, किडनी उत्तम चालू असताना रुग्णाचा हृदयविकाराने किंवा जंतुसंसर्गाने मृत्यू झाला, तरी या हिशेबात ती किडनी बंद पडली असेच मोजतात. म्हणून वयस्क आणि मधुमेही रुग्णांचे आकडे कमी दिसतात. दोष दर वेळी किडनीचा नसतो.

मग जिवंत दात्याची वाट पाहावी का?

घरात योग्य आणि स्वेच्छेने पुढे येणारा दाता असेल तर जिवंत दात्याची किडनी सरस ठरते. शस्त्रक्रिया ठरवून करता येते, किडनी फार वेळ बर्फात राहत नाही आणि दात्याची सविस्तर तपासणी आधीच झालेली असते. पण ज्यांच्याकडे असा दाता नाही, त्यांच्यासाठी ही तुलना निरुपयोगी आहे. त्यांनी तुलना करायची ती डायलिसिसवर राहण्याशी.

याविषयीचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजारी आणि धडधाकट यांची सरसकट तुलना नव्हती. प्रतीक्षायादीत असलेल्यांपैकी ज्यांना मृत दात्याची किडनी मिळाली आणि ज्यांना अजून मिळाली नव्हती, अशांची तुलना होती. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका डायलिसिसवर थांबलेल्यांच्या २.८ पट होता. मोठी शस्त्रक्रिया आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ही त्याची कारणे. मात्र १८ महिन्यांनी हाच धोका डायलिसिसवाल्यांच्या साधारण एक तृतीयांशावर आला. यादीत राहिलेल्यांचे पुढील अंदाजे आयुष्य १० वर्षे, तर किडनी मिळालेल्यांचे २० वर्षे निघाले. मधुमेहींना आणि ६० ते ७४ वयोगटालाही फायदा झाल्याचे दिसले.

थोडक्यात, सुरुवातीला धोका पत्करावा लागतो आणि पुढे त्याची भरपाई होते. हृदय फार कमजोर असलेल्या किंवा सक्रिय जंतुसंसर्ग अथवा कर्करोग असलेल्या रुग्णाला सुरुवातीचा हा धोका झेपत नाही. म्हणूनच नोंदणीपूर्वी हृदय, फुप्फुसे, दात, क्षयरोग अशा बऱ्याच तपासण्या केल्या जातात.

ऑपरेशननंतरही डायलिसिस का लागते?

अनेक नातेवाईक इथेच घाबरतात. नवी किडनी बसवली, तरी लघवी कमी आणि पुन्हा डायलिसिस! पण याचा अर्थ प्रत्यारोपण फसले असा नाही. दात्याच्या शरीरातून काढलेली किडनी थंड द्रावणाने धुऊन साधारण ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. रक्ताविना राहिलेल्या या काळात तिच्या पेशींना इजा होते. वेळ जितका जास्त, तितकी किडनी उशिरा जागी होते. अमेरिकेत मृत दात्याच्या साधारण दर चार किडन्यांपैकी एकीच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात डायलिसिस करावे लागते. जिवंत दात्याच्या बाबतीत हे क्वचित घडते.

अशा बहुतेक किडन्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत काम सुरू करतात. मात्र उशिरा सुरू झालेल्या किडनीला रिजेक्शनचा आणि पुढे लवकर थकण्याचा धोका काहीसा अधिक असतो. म्हणून २४ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर किडनी बसवण्याचा प्रयत्न असतो. दात्याचे वय, त्याचा रक्तदाब, मृत्यूचे कारण यांचाही परिणामावर प्रभाव पडतो. अपघातात गेलेल्या तरुणाची किडनी आणि पक्षाघाताने गेलेल्या ६५ वर्षांच्या, रक्तदाब असलेल्या दात्याची किडनी यांत फरक असतो. तरीही वयस्क रुग्णासाठी दुसऱ्या प्रकारची किडनी घेणे अनेकदा वर्षानुवर्षे थांबण्यापेक्षा फायद्याचे ठरते. याची चर्चा फोन येण्याआधीच डॉक्टरांशी करून ठेवावी.

आणखी एक गैरसमज : नवी किडनी जुन्या किडनीच्या जागी बसत नाही. ती ओटीपोटाच्या एका बाजूला बसवतात. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत.

सर्वात मोठा धोका कोणता?

पाश्चात्त्य देशांत प्रत्यारोपणानंतरच्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. भारतात मात्र जंतुसंसर्ग हे प्रमुख कारण आहे. क्षयरोग, न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, बुरशीचे आजार, सायटोमेगॅलोसारखे विषाणू प्रतिकारशक्ती कमी झालेल्या शरीराला गाठतात. शरीराने नवी किडनी परकी म्हणून नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधे सहसा दिली जातात. ती जेवढी किडनीला वाचवतात, तेवढीच जंतूंना वाट मोकळी करतात. डोस कमी पडला तर रिजेक्शन, जास्त झाला तर संसर्ग. डॉक्टर रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी वारंवार तपासतात ते यासाठीच.

वसई-विरारकरांसाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. पावसाळ्यात नालासोपारा, वसईतील सखल भागांत पाणी साचते, अनेक वसाहतींना टँकरचे पाणी वापरावे लागते. प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने साचलेल्या पाण्यातून चालणे टाळावे, कारण लेप्टोस्पायरोसिसमध्ये थेट किडनीवरच घाव बसतो. पाणी उकळूनच प्यावे. उघड्यावरचा रस, चिरलेली फळे, बर्फाचा गोळा टाळावा. डासांपासून जपावे. १०० च्या वर ताप गेला तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी थांबू नये; त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे.

गल्लीतल्या दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये जातानाही आपण प्रत्यारोपणाचे रुग्ण आहोत हे आधी सांगावे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला इजा करतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची पातळी घसरते, तर बुरशीवरच्या काही औषधांनी ती एकदम वाढते. काढे आणि अनोळखी जडीबुटींचेही तसेच. शरीराला ओळखीचे वाटणारे साधे औषधही इथे हिशेब बिघडवू शकते.

किडनी चालू आहे, मग गोळ्या कमी केल्या तर?

हीच चूक महागात पडते. दोन-तीन वर्षे क्रिएटिनिन व्यवस्थित आले की रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. औषधांचा खर्च टोचत असतो, मग डोस लांबवला जातो. शरीर मात्र परकी किडनी विसरत नाही. रिजेक्शनला बहुतेकदा लक्षण नसते : ना दुखणे, ना ताप. क्रिएटिनिन वाढल्यावरच ते कळते आणि बायोप्सीने पक्के होते. वेळेत सापडले तर इंजेक्शनच्या स्वरूपातील स्टिरॉइडने अनेकदा आटोक्यात येते. हळूहळू वाढणारे, प्रतिपिंडांमुळे होणारे रिजेक्शन मात्र परतवणे कठीण असते.

म्हणून टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतराने, रोज त्याच वेळी घ्यावी. लोकलच्या प्रवासात वेळ चुकू नये म्हणून दिवसाचा एक डोस डब्याबरोबर जवळ ठेवावा, मोबाइलवर अलार्म लावावा आणि घरात किमान दोन आठवड्यांचा साठा असावा. ब्रँड बदलायचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि बदलल्यावर पातळी तपासून.

नोंदणी कशी होते? नंबर कसा लागतो?

प्रत्यारोपणाचा परवाना असलेल्या रुग्णालयामार्फत नाव नोंदवले जाते. रुग्णाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नोंदणीसाठीची अधिवासाची अट, ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि राज्यांकडून घेतले जाणारे नोंदणी शुल्क काढून टाकले. २०२५ मध्ये नोटोने प्रतीक्षायादीतील महिलांना आणि याआधी अवयवदान केलेल्या मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य देण्याची सूचना राज्यांना केली. भारतात जिवंत किडनीदात्यांत महिलांचे प्रमाण मोठे आणि किडनी मिळणाऱ्यांत मात्र कमी, ही त्यामागची पार्श्वभूमी आहे.

वाटप रक्तगटानुसार होते. त्यानंतर गुण दिले जातात. नियमित डायलिसिसवर किती काळ आहे, याला त्यात मोठे वजन असते. फिस्टुला करण्याच्या जागा संपल्या असतील किंवा आधीची किडनी निकामी झाली असेल, तर त्याचाही विचार होतो. डायलिसिस सुरू होऊनही नोंदणी लांबवली तर नुकसान रुग्णाचेच.

यादीत नाव असताना फिट राहणेही गरजेचे आहे. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करावी, तपासण्या वेळोवेळी नव्या कराव्यात. अनावश्यक रक्त चढवून घेणे टाळावे, कारण परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे किडनी जुळणे अवघड होते.

रात्री दोनला फोन आला तर?

मृत दात्याच्या बाबतीत तारीख आधी कळत नाही. फोन कधीही येतो आणि ठरलेल्या वेळेत होकार देऊन पोहोचावे लागते. रात्री उशिरा लोकल बंद असतात. विरारहून मुंबई गाठायची तर महामार्ग हाच रस्ता, आणि घोडबंदरजवळची कोंडी रात्रीही चुकत नाही. त्यामुळे वाहनाची सोय, सोबत कोण येणार, फाइल आणि औषधांची पिशवी, थोडी रोख रक्कम हे आधीच ठरलेले हवे. रुग्णालयाकडे किमान दोन-तीन चालू मोबाइल क्रमांक दिलेले असावेत. क्रमांक बदलला आणि कळवायचे राहिले, तर लागलेला नंबरही हातचा जाऊ शकतो.

एका किडनीसाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावले जाते. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्त यांची क्रॉसमॅच चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे रुग्णाच्या रक्तात त्या किडनीविरुद्ध प्रतिपिंडे असली, तर सहसा किडनी पुढच्या रुग्णाला जाते. ऐनवेळी ताप असेल तरी परतावे लागते. रिकाम्या हाताने परत येणे जिवाला लागते, पण यादीतले स्थान त्यामुळे जात नाही.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. अंगीकृत रुग्णालयातच ती लागू होते, त्यामुळे नोंदणी करतानाच योजनेचे आरोग्यमित्र आणि रुग्णालयाचे समाजसेवा अधीक्षक यांना भेटावे. खरा हिशेब मात्र शस्त्रक्रियेनंतरचा आहे. गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च किडनी चालू असेपर्यंत दर महिन्याला असतो. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना औषधांसाठी मदतीची तरतूद आहे. शस्त्रक्रियेचे पैसे जमवताना निदान पहिल्या वर्षाच्या औषधांची रक्कम बाजूला काढणे शहाणपणाचे.

किडनी पुन्हा निकामी झाली तर?

पुन्हा डायलिसिस सुरू करता येते आणि प्रकृती चांगली असेल तर दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी नावही नोंदवता येते. तरुण रुग्णांना आयुष्यात दोनदा प्रत्यारोपण लागणे ही अनपेक्षित गोष्ट नाही. मधली दहा-बारा वर्षे मशीनविना, नोकरी-धंदा करत, पाणी मोजून न पिता गेलेली असतात. ती वर्षे वाया गेली असे कुणी म्हणणार नाही.

पालघर जिल्ह्यातून काय होऊ शकते?

मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा मोठा पट्टा या जिल्ह्यातून जातो. त्यावरील अपघातांत डोक्याला मार लागलेले रुग्ण इथल्या अतिदक्षता विभागांत येतात. प्रत्यारोपणाची सोय नसलेले रुग्णालयही अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करू शकते. मेंदूमृत्यूची शक्यता वेळीच ओळखून ती तपासली गेली आणि नातेवाइकांना कुणी नीट समजावले, तर एका दात्यामुळे दोघांचे डायलिसिस थांबू शकते. अपघाताच्या प्रकरणात पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन हे सोपस्कार असतात, पण त्यामुळे दान अडत नाही. अवयव सन्मानाने काढून देह कुटुंबाच्या ताब्यात दिला जातो.

दात्याच्या कार्डावर सही असली तरी शेवटी विचारले जाते ते घरच्यांना. म्हणून आपली इच्छा घरच्यांना आजच, साध्या शब्दांत सांगून ठेवावी. ऐनवेळी अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला निर्णय घेणे त्यामुळे सोपे जाते.